ब्लॉकेज निघालं म्हणजे स्टेंट घालायलाच हवा का?

मुंबईत हल्ली हृदयातलं ब्लॉकेज पुष्कळदा छातीत दुखण्याआधीच, ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये सापडतं. माणूस पन्नाशीचा, तक्रार काही नाही. ट्रेडमिलवरच्या स्ट्रेस टेस्टमध्ये थोडी शंका येते, मग सीटी अँजिओग्राफी, म्हणजे स्कॅनमध्ये काढलेलं रक्तवाहिन्यांचं चित्र, होते, मग मनगटातून नळी घालून केलेली अँजिओग्राफी, आणि आठवड्याभरात तो कॅथलॅबच्या, म्हणजे नळी घालून हृदयावर उपचार करायच्या खोलीतल्या, टेबलावर असतो. घरच्यांना एक आकडा कळलेला असतो: ८० टक्के. त्या आकड्यापुढे कुणाचं काही चालत नाही. मेडिक्लेमसाठी फोनाफोनी होते, कमी पडले तर भावाकडून, मेव्हण्याकडून पैसे घेतले जातात, आणि स्टेंट बसतो.

यातल्या काहींना स्टेंटची खरोखर गरज असते, काहींना नसते. कोणाला असते आणि कोणाला नसते, हे त्या एका आकड्यावरून ठरत नाही. गेल्या वीसेक वर्षांत हजारो रुग्णांवर झालेल्या अभ्यासांतून हे बरंच स्पष्ट झालंय. डॉक्टरमंडळींना ते ठाऊकही आहे. पण कॅथलॅबबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या बायको-मुलांपर्यंत ते पोचत नाही, आणि निर्णय तर त्यांनाच दहा मिनिटांत घ्यायचा असतो.

## हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्या

हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्नायूलाही रक्त लागतं. ते पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या हृदयाच्या अंगावरूनच जातात. डावी मुख्य वाहिनी थोडं अंतर जाऊन दोन मोठ्या फांद्यांत विभागते, उजवीकडची एक वेगळी निघते. 'थ्री वेसल डिसीज' म्हणतात तेव्हा या तिन्ही मोठ्या वाहिन्यांत अडथळे आहेत असं म्हणायचं असतं.

या वाहिन्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं कोलेस्टेरॉल साठत जातं. लक्षात घ्या, साठतं ते भिंतीच्या आत. आपल्या डोक्यात चित्र असतं ते गंजलेल्या नळाचं, आत गाळ साचलाय आणि तो खरवडून काढला की पाणी मोकळं. तसं ते नसतं. भिंतीतल्या या चरबीच्या गाठीवर एक पापुद्रा असतो. गाठ वाढली की वाहिनीचा पोकळ भाग अरुंद होतो, आणि त्यालाच आपण ब्लॉकेज म्हणतो. अँजिओप्लास्टीत तिथे फुगा नेऊन फुगवतात, गाठ भिंतीत दाबली जाते, आणि ती पुन्हा आत येऊ नये म्हणून धातूच्या जाळीची छोटी नळी, म्हणजे स्टेंट, तिथे कायमची ठेवतात. पहिली अशी अँजिओप्लास्टी झ्युरिकमध्ये १९७७ साली आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी केली. स्टेंट १९८६ मध्ये आले. आज वापरतात ते औषधाचा लेप असलेले स्टेंट २००० नंतरचे.

## रोजची कोंडी आणि उलटलेला ट्रक

आता मुख्य मुद्दा. हृदयाचा त्रास दोन तऱ्हांनी होतो आणि या दोन्ही तऱ्हा आपण एकच समजतो.

मेट्रोच्या कामासाठी पत्रे लावून अरुंद झालेला एलबीएस मार्ग आठवा. दुपारी दोन वाजता तिथून गाडी व्यवस्थित जाते. कोंडी होते ती संध्याकाळी, गर्दी वाढली की. अरुंद झालेल्या वाहिनीचं तसंच आहे. बसल्याजागी हृदयाला पुरेसं रक्त मिळतं. जिना चढताना, भराभर चालताना मागणी वाढते आणि पुरवठा अपुरा पडतो. मग छातीत दडपण येतं, घशाशी आवळल्यासारखं होतं, डावा हात जड होतो. थांबलं की दोन-पाच मिनिटांत बरं वाटतं. याला अँजायना म्हणतात. दादरच्या पुलाच्या पायऱ्या चढताना अर्ध्यावर थांबून मोबाइल बघितल्यासारखं करणारे गृहस्थ पाहिले असतील. दर वेळी तेवढ्याच पायऱ्यांवर थांबत असतील तर ते मोबाइल बघत नसतात. त्रास ठरावीक श्रमाला होतो, महिनोन् महिने तसाच राहतो, विश्रांतीने थांबतो. या अवस्थेला 'स्थिर' आजार म्हणतात.

हार्ट अटॅक म्हणजे याच रस्त्यावर ट्रक उलटणं. चरबीच्या गाठीवरचा पापुद्रा अचानक फाटतो, आतला ऐवज रक्ताला लागतो, आणि शरीर जखम समजून तिथे रक्ताची गुठळी तयार करतं. ती गुठळी काही मिनिटांत वाहिनी पूर्ण बंद करते. आणि ट्रक अरुंद भागातच उलटतो असं नाही. ज्यांना अटॅक आला त्यांच्या आधी कधी काढलेल्या अँजिओग्राफी तपासल्या तेव्हा पुष्कळदा असं दिसलं, की अटॅक घडवणारी जागा पूर्वी ५० टक्केही अरुंद नव्हती. फाटते ती पातळ पापुद्र्याची, मऊ, चरबीने भरलेली गाठ. जुनी, टणक, वाहिनी ८० टक्के अडवून बसलेली गाठ त्रास देत असली तरी ती फाटेलच असं नसतं. हळूहळू अरुंद झालेल्या वाहिनीभोवती शरीर छोटे आडरस्तेही काढतं.

म्हणून रिपोर्ट हातात आल्यावर पहिला प्रश्न 'किती टक्के?' हा नाही. हा अटॅक आहे की स्थिर आजार, हे आधी विचारायचं.

## अटॅक असेल तर वेळ घालवायचा नाही

इथे काही शंका नाही. मोठा अटॅक चालू असताना केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते. वाहिनी बंद झाली की हृदयाचा स्नायू मरायला लागतो. जितक्या लवकर ती उघडेल तितका स्नायू वाचतो. रुग्णालयात पोचल्यापासून ९० मिनिटांत वाहिनी उघडावी असं जगभर मानतात. कॅथलॅबपर्यंत दोन तासांत पोचणं शक्य नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी देतात, आणि तेही जितकं लवकर तितकं उत्तम.

मुंबईत वेळ जातो तो बहुतेक घरातच. 'ॲसिडिटी असेल' म्हणून सोडा पिण्यात, सकाळपर्यंत थांबण्यात, मग गल्लीतल्या दवाखान्यात जाण्यात. श्रमाशिवाय छातीत दडपण आलं, वीस मिनिटांत गेलं नाही, घाम फुटला, हात, जबडा किंवा पाठीत कळ गेली, तर १०८ ला फोन करा किंवा कुणीतरी सोबत घेऊन थेट जिथे ईसीजी आणि कॅथलॅब दोन्ही आहे अशा रुग्णालयात जा. स्वतः गाडी चालवू नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि कुठे रक्तस्राव होत नसेल, तर साधारण ३२५ मिलिग्रॅमची गोळी चावून खा. बायकांना आणि मधुमेहींना छातीत न दुखता नुसता दम लागणं, मळमळ, कमालीचा थकवा एवढंच जाणवू शकतं, आणि याच लोकांना घरी थांबवून ठेवलं जातं. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नका. रक्तदाब कमी असेल तर ती अंगाशी येते.

थोडं चाललं तरी नव्याने दुखायला लागलंय, किंवा जुना अँजायना आठ-पंधरा दिवसांत वाढत चाललाय, रात्री झोपेतही येतोय, ही अवस्थाही स्थिर नाही. तीही अटॅकच्याच रांगेत धरतात आणि तिथे अँजिओग्राफीला उशीर करायचा नसतो.

## स्थिर आजारात स्टेंटने आयुष्य वाढतं का?

हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर विचारला गेला तो 'करेज' नावाच्या अभ्यासात. अमेरिका आणि कॅनडामधले २,२८७ रुग्ण. सगळ्यांच्या वाहिनीत मोठा अडथळा, सगळे स्थिर. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला उत्तम औषधोपचार, दुसऱ्याला तेच औषधोपचार आणि वर अँजिओप्लास्टी. साडेचार वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला. २००७ मध्ये निकाल आला: मृत्यू किंवा हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टीच्या गटात १९ टक्के, नुसत्या औषधांच्या गटात १८.५ टक्के. फरक नाही.

त्यावर आक्षेप घेतले गेले. स्टेंट जुन्या पद्धतीचे होते, ज्यांचा आजार खरोखर मोठा असे रुग्ण अभ्यासात आलेच नाहीत, अँजिओग्राफी पाहून डॉक्टरांनी गंभीर रुग्ण आधीच बाजूला काढले, वगैरे. आक्षेप रास्त होते. म्हणून 'इस्केमिया' नावाचा दुसरा अभ्यास रचला. ३७ देश, ५,१७९ रुग्ण, त्यात भारतातलेही पुष्कळ. या वेळी स्ट्रेस टेस्टमध्ये मध्यम ते तीव्र दोष असलेलेच रुग्ण घेतले, नवे स्टेंट वापरले, गरज होती तिथे बायपासही, म्हणजे ऑपरेशन करून रक्ताला अडथळ्याभोवतीचा वळसा काढून देणंही, केली. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये निकाल जाहीर झाला. प्रक्रिया केलेल्या गटात १४५ मृत्यू, औषधांच्या गटात १४४.

हे दोन आकडे मला फार महत्त्वाचे वाटतात. यामागे स्ट्रेस टेस्ट 'पॉझिटिव्ह' असलेली पाच हजारांवर माणसं आहेत.

बारकावेही सांगायला हवेत. प्रक्रियेच्या गटात सुरुवातीला अटॅक जास्त झाले, कारण प्रक्रियेतच काहींना होतो. पुढच्या वर्षांत आपसूक येणारे अटॅक त्या गटात कमी झाले. सात वर्षांपर्यंतचा हिशेब २०२२ मध्ये आला तेव्हा एकूण मृत्यू जवळजवळ सारखेच होते, हृदयाच्या कारणाने झालेले किंचित कमी, इतर कारणांनी झालेले किंचित जास्त. औषधांच्या गटातल्या साधारण पाचातल्या एकाला पुढे कधीतरी स्टेंट किंवा बायपास लागलीच. म्हणजे औषधांनी सुरुवात केली तर पुढचा दरवाजा बंद होत नाही. आज नको म्हटलेला स्टेंट दोन वर्षांनी घालता येतो. आज घातलेला काढता येत नाही.

## मग स्टेंट नुसता पैसे काढायचा धंदा म्हणायचा का?

नाही, आणि असं म्हणणाऱ्यांपासूनही सावध राहा. अँजायना ज्यांना वारंवार येतो त्यांना स्टेंटने आराम पडतो. इस्केमियामध्येही हे स्पष्ट दिसलं: ज्यांना रोज किंवा दर आठवड्याला दुखत होतं त्यांचं जगणं प्रक्रियेनंतर जास्त सुसह्य झालं. ज्यांना काहीच दुखत नव्हतं त्यांना अर्थातच फरक पडला नाही.

आराम खरा की मनाचा, हेही लंडनमधल्या डॉक्टर राशा अल-लमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिलं. 'ऑर्बिटा' या त्यांच्या अभ्यासात २०० रुग्णांना टेबलावर घेतलं, गुंगी दिली, आणि निम्म्यांना स्टेंट घातला. उरलेल्यांना घातलाच नाही. कोणाला घातलाय हे रुग्णालाही ठाऊक नाही, नंतर तपासणाऱ्यालाही नाही. २०१७ मध्ये निकाल आला. सगळे भरपूर औषधं घेत असताना, ट्रेडमिलवर चालण्याच्या क्षमतेत दोन गटांत ठोस फरक दिसला नाही. मग त्यांनी पुढचा अभ्यास केला, तोही तसाच, पण अँजायनाची औषधं थांबवून. २०२३ चा निकाल वेगळा आला: स्टेंट घातलेल्यांपैकी ४० टक्के लोकांचा अँजायना पूर्ण थांबला, न घातलेल्यांपैकी १५ टक्के लोकांचा.

यातून निघतं ते असं. स्थिर आजारात स्टेंट हा दुखण्यावरचा इलाज आहे, आणि अँजायनाची औषधं हाही दुखण्यावरचा इलाज आहे. पाच प्रकारच्या गोळ्या घेऊन चक्कर येते, पाय सुजतात, तरी पायऱ्या चढवत नाहीत, अशा माणसाने स्टेंट घेतला तर तो शहाणा निर्णय आहे. एखाद्याला अँजायनाच्या रोजच्या गोळ्या नकोतच, आधीच आराम हवाय, तर तोही त्याचा हक्क आहे. पण 'स्टेंट घातला म्हणजे अटॅकची भीती गेली' असं समजून घेतलेला निर्णय चुकीच्या माहितीवरचा आहे. स्टेंट दीड-दोन सेंटिमीटर, फार तर तीन-चार सेंटिमीटर जागा मोकळी करतो. बाकीच्या सगळ्या वाहिन्यांत ज्या मऊ गाठी आहेत त्यांना तो हातही लावत नाही.

## 'डॉक्टर म्हणाले, टाइम बॉम्ब आहे'

हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की त्यावर थांबायलाच हवं.

प्रसंग साधारण असा असतो. रुग्ण आत टेबलावर आहे, शुद्धीत आहे, मनगटात नळी आहे. नातेवाइकांना आत बोलावतात, काचेपलीकडे उभं करतात. पडद्यावर करड्या रंगात वाहिन्या हलताना दिसतात, डॉक्टर बोट दाखवतात, 'हे बघा, इथे चिमटा बसल्यासारखं दिसतंय ना? ८५ टक्के. आत्ताच करून टाकू, परत परत कशाला?' चिमटा खरंच दिसतो. सही करायचा कागद पुढे असतो. अशा वेळी नाही म्हणायला जे धैर्य लागतं ते आपल्यापैकी फार थोड्यांकडे असतं, आणि नसलं तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

बहुतेक डॉक्टर हे वाईट हेतूने करत नाहीत. अरुंद जागा डोळ्यांना दिसते, ती मोकळी करता येते, मोकळी झाल्यावरचं चित्रही लगेच दिसतं. शिवाय उद्या रुग्णाला काही झालंच, तर 'तुम्ही बघितलं होतं आणि सोडलंत' असं म्हणायला नातेवाईकच पुढे असतात. रुग्णालयाच्या उत्पन्नाचा भागही आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण यातल्या कशामुळेही स्थिर रुग्णाला त्याच टेबलावर, त्याच क्षणी निर्णय घेणं भाग पडत नाही. अँजिओग्राफी करून घरी येता येतं. म्हणून सही करतानाच, टेबलावर जायच्या आधी, स्पष्ट बोलून ठेवा: 'आज फक्त अँजिओग्राफी. पुढचं काय ते नंतर बसून ठरवू.' अटॅक चालू असेल तर मात्र हे लागू नाही.

आणि ते टक्के? ते पुष्कळदा नजरेने केलेला अंदाज असतो. एकच फिल्म दोन डॉक्टर पाहतील तर एक ७० म्हणेल, दुसरा ६०. वाहिनीतून दाब मोजणारी बारीक तार घालून अडथळ्यापलीकडचा रक्ताचा दाब अलीकडच्या दाबाच्या किती पट उरतो ते मोजता येतं, ०.८० किंवा त्याहून कमी आलं तर अडथळा खरोखर पुरवठा कमी करतोय असं धरतात. अशी मोजणी केली तेव्हा ५० ते ७० टक्के दिसणाऱ्या अडथळ्यांपैकी जवळजवळ दोनतृतीयांश अडथळे पुरवठा कमी करतच नव्हते. ७१ ते ९० टक्के दिसणाऱ्यांतही पाचातला एक तसा होता. तेव्हा मधल्या आकड्यांना 'दाब मोजलात का?' हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

## हे सगळं कोणाला लागू नाही

वरच्या अभ्यासांतून काही रुग्ण मुद्दाम वगळले होते, काहींसाठी वेगळे अभ्यास आहेत, आणि या दोघांनीही हा लेख वाचून 'आपल्याला औषधं पुरे' असं ठरवू नये.

डाव्या मुख्य वाहिनीत, म्हणजे फांद्या फुटायच्या आधीच्या खोडातच, ५० टक्के किंवा जास्त अडथळा असेल तर तो मोकळा करावा लागतो; बायपास किंवा स्टेंट, हे रचनेवर ठरतं. हृदयाची पंपाची शक्ती बरीच कमी झालेली असेल तर हिशेब वेगळा. मधुमेह आणि तिन्ही वाहिन्यांत आजार असेल तर स्टेंटपेक्षा बायपासने आयुष्य वाढतं, असं २०१२ च्या 'फ्रीडम' अभ्यासात १,९०० रुग्णांमध्ये दिसलं. मुंबईत मधुमेही घराघरांत आहेत, म्हणून हे जरा ठळक सांगतो: तीन-चार स्टेंट घालायचा सल्ला मिळाला आणि साखरेचा आजार असेल, तर हार्ट सर्जनचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. बायपासची भीती वाटते म्हणून स्टेंट, हे कारण पुरेसं नाही.

## मग अटॅक टाळतं कोण?

गोळ्या. आणि सिगारेट-तंबाखू सोडणं, रक्तदाब, साखर, चालणं. ऐकायला हे कंटाळवाणं वाटतं, पण ट्रक उलटू नये म्हणून जे करता येतं ते इथेच आहे.

यात सगळ्यात मोठा वाटा स्टॅटिनचा. ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन ही नावं तुमच्या घरातल्या गोळ्यांच्या डब्यात बहुधा असतील. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्दो यांनी १९७० च्या दशकात बुरशीतून या जातीचं पहिलं औषध शोधलं. १९९४ मध्ये उत्तर युरोपातल्या ४,४४४ हृदयरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच वर्षांहून थोड्या जास्त काळात स्टॅटिन घेणाऱ्यांचे मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले होते. स्टॅटिनमुळे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, उतरतं, गाठीतली चरबी कमी होते आणि वरचा पापुद्रा जाड, चिवट होतो. टक्केवारी फारशी बदलत नाही. गाठ फाटण्याची शक्यता कमी होते.

आता इथे आपली एक मोठी गफलत होते. लॅबच्या रिपोर्टवर एलडीएलपुढे '१०० पेक्षा कमी' छापलेलं असतं, आपलं ९५ येतं, आणि आपण खूश होऊन गोळी बंद करतो. हृदयाचा आजार झालेल्यांसाठी लक्ष्य ५५ च्या खाली आहे. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शनातही हेच आहे. नुसत्या स्टॅटिनने तिथे पोचलो नाही तर एझेटिमिब ही दुसरी गोळी जोडतात, त्यानेही नाही झालं तर इंजेक्शनं आहेत. 'नॉर्मल आलं, बंद करतो' म्हणू नका. गोळी चालू आहे म्हणूनच ते नॉर्मल आलेलं असतं. आणखी एक तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या: लायपोप्रोटीन ए. ते बऱ्याच अंशी आनुवंशिक असतं, साध्या लिपिड प्रोफाइलमध्ये येत नाही, आणि चाळिशीतच अटॅक आलेल्या घराण्यांत ते वाढलेलं सापडू शकतं. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं लवकर येतो, हे ५२ देशांत केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दिसलंय.

## 'पण स्टॅटिनने अंग दुखतं, लिव्हर जातं'

अंग दुखतं, हे लोक खोटं सांगत नाहीत. पण इंग्लंडमध्ये स्टॅटिन सोसत नाही म्हणून सोडून दिलेल्या ६० जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने हुबेहूब दिसणारी औषध नसलेली गोळी, आणि काही महिने काहीच नाही, असं आळीपाळीने देऊन पाहिलं. स्टॅटिनवर जाणवलेला त्रास सुमारे ९० टक्के तेवढाच नुसत्या गोळीवरही जाणवला. म्हणजे दुखणं खरं, पण त्याचं कारण बहुतेकदा औषध नव्हतं. खरोखर स्नायूंना इजा होणारे रुग्ण असतात, ते थोडे असतात, आणि त्यांच्यासाठी डोस कमी करणं, औषध बदलणं हे मार्ग आहेत. लिव्हरला गंभीर इजा अगदी क्वचित. साखर थोडी वाढू शकते, मुख्यतः जे आधीच मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत त्यांची. हृदयाचा आजार असलेल्याला स्टॅटिनचा फायदा त्यापेक्षा खूप मोठा आहे. त्रास झाला तर डॉक्टरला सांगा. परस्पर बंद करू नका, एवढंच मागणं आहे.

## 'बिना ऑपरेशन ब्लॉकेज साफ'

रेल्वेच्या डब्यातल्या जाहिराती तुम्हीही वाचल्या असतील. शिरेतून औषध देऊन ब्लॉकेज विरघळवणारी चिलेशन थेरपी, अमुक काढा, तमुक रस. स्थिर आजारात स्टेंटची घाई नको असं म्हटलं की काही लोक सरळ तिकडे वळतात, आणि ते मला सगळ्यात धोक्याचं वाटतं, कारण तिथे जाताना स्टॅटिन आणि ॲस्पिरिन सुटतात. चिलेशनचा मोठा अभ्यास अटॅक येऊन गेलेल्या मधुमेही रुग्णांवर झाला, त्याचा निकाल २०२४ मध्ये आला: फायदा नाही. 'औषधोपचार' हा शब्द वरच्या सगळ्या अभ्यासांत आलाय तो मोजूनमापून, एलडीएल आणि रक्तदाब खाली आणून दिलेल्या औषधांसाठी. ते अर्धवट केले तर हे निकाल तुमच्यासाठी नाहीत.

## स्टेंट आधीच बसलेला असेल तर

वाईट वाटून घेऊ नका, आणि रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या अजिबात चुकवू नका. ॲस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर देतात. स्थिर आजारात साधारण सहा महिने, अटॅकनंतर एक वर्ष. रक्तस्रावाचा धोका पाहून डॉक्टर हा काळ कमी-जास्त करतात. मध्येच बंद केल्या तर नव्या स्टेंटमध्ये गुठळी होऊन वाहिनी एकदम बंद पडू शकते. दात काढायचाय, मोतीबिंदू करायचाय, एकादशीचा उपास आहे, कशासाठीही आधी हार्टच्या डॉक्टरला विचारा. स्टॅटिन तर त्यानंतरही चालूच राहतं.

## पैसे, आणि दुसरं मत

औषधी स्टेंट पूर्वी लाखाच्या वर विकले जात. २०१७ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने त्यांची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली. नंतर ती बदलत आता चाळीस हजारांच्या आसपास आहे. बिलात स्टेंटची किंमत, कंपनीचं नाव आणि बॅच नंबर वेगळा लिहिणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. बाकीचं बिल, म्हणजे कॅथलॅब, फुगा, खोली, यावर असा लगाम नाही, म्हणून 'पॅकेज'मध्ये काय काय आहे ते लेखी घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते, पण योजनेत बसते म्हणून करून घ्यायची नसते.

दुसरं मत घ्यायचं तर शक्यतो अशा ठिकाणी घ्या जिथे त्या डॉक्टरला तुमच्यावर प्रक्रिया करून काही मिळायचं नाही. मुंबईचं एक भाग्य आहे, इथे केईएम, सायन, नायर, जेजे अशी शिकवणारी सार्वजनिक रुग्णालयं आहेत. १९६८ साली डॉ. पी. के. सेन यांनी देशातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं ते परळच्या केईएममध्येच. ओपीडीत रांग मोठी असते, सकाळी लवकर जावं लागतं, बाकड्यावर बसावं लागतं. स्थिर आजारात तेवढा वेळ तुमच्याकडे असतो. तोपर्यंत सांगितलेल्या गोळ्या चालू ठेवायच्या, आणि दुखणं वाढलं तर रांगेत न बसता कॅज्युअल्टीत जायचं.

जाताना अँजिओग्राफीची सीडी न्या, नुसता कागद नको. टक्के कागदावर असतात, वाहिन्या सीडीत असतात. सोबत स्ट्रेस टेस्ट, इको, ताजं लिपिड प्रोफाइल, चालू गोळ्यांच्या पट्ट्या. आणि विचारायचं असं: माझा आजार स्थिर आहे का? डाव्या मुख्य वाहिनीत काही आहे का? पंपाची शक्ती किती? स्टेंटने माझं दुखणं कमी होईल की आयुष्य वाढेल? आधी तीन महिने नीट गोळ्या घेऊन पाहिलं तर काय धोका? सीडी द्यायला पहिलं रुग्णालय टाळाटाळ करत असेल तर लेखी अर्ज करून पोच घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत रुग्णाचे कागदपत्र देणं डॉक्टरांवर २००२ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे.